चौकटीत राहून गेलेला शब्द

मला पालीची भीती वाटत नाही. झुरळ मी चपलेने मारते, आणि चप्पल सापडली नाही तर हाताने. जयपूरला आल्यावर पहिल्याच वर्षी बाल्कनीत माकड येऊन बसलं, तेव्हा ह्यांनी आतून कडी लावून घेतली आणि मी लाटणं घेऊन बाहेर गेले. पण कंप्युटरवर एक चौकट उघडते. तळहाताएवढी असेल. वरच्या ओळीत काय शोधायचं ते लिहायचं, खालच्या ओळीत त्याच्या जागी काय घालायचं ते, आणि बाजूला बटण असतं ‘रिप्लेस ऑल’. सगळीकडे एकदम बदला. त्या चौकटीची मला भीती वाटते. नोकरी सोडून दोन वर्षं झाली, तरी वाटते. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

माझं माहेर अकोल्याचं. हे रेल्वेत, भुसावळहून बदलीने जयपूरला आले आणि आम्ही इथलेच होऊन बसलो. मुलं शाळेत जायला लागल्यावर मी वैशाली नगरातल्या एका स्कॅनिंग सेंटरमध्ये रिपोर्ट टायपिस्ट म्हणून लागले आणि पुढची एकोणीस वर्षं तिथेच काढली. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय, सगळं तिथे व्हायचं. लोकांना वाटतं, मशीनमधून रिपोर्ट आपोआप छापून निघतो. अहो, मशीनमधून फक्त चित्रं निघतात. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत ती चित्रं बघत भराभरा बोलतात आणि शेजारी एक बाई बसून ते बोलणं कागदावर उतरवते. ती बाई मी. तुमच्या पोटात काय आहे ते डॉक्टरांच्या खालोखाल मला कळायचं, तुमच्याही आधी.

आता दिवसाला चाळीस-पन्नास रिपोर्ट कोण अथपासून इतिपर्यंत टाइप करणार? म्हणून या धंद्यात प्रत्येकाकडे साचे असतात. धडधाकट पोटाचा एक साचा, धडधाकट गुडघ्याचा एक. लिव्हर ठीक, पित्ताशय ठीक, सगळं आधीच लिहिलेलं. डॉक्टर फक्त जे बिघडलंय तेवढंच सांगतात, आपण तेवढं बदलायचं, नाव-वय घालायचं आणि छापायचं. साचा नसेल तर कालच्या पेशंटची फाइल उघडायची, नवीन नावाने ठेवायची आणि जुनं नाव सगळीकडे एकदम बदलायचं. हे सगळे करतात. जे ‘आम्ही नाही करत’ म्हणतात ते खोटं बोलतात.

यातून गमती व्हायच्या. टिळक नगरात देशमुखकाका म्हणून विमा कंपनीतून रिटायर झालेले गृहस्थ राहायचे, पुण्याचे. मराठी बाई टाइप करते म्हणून मुद्दाम इतक्या लांब आमच्याकडे तपासायला यायचे. एकदा मी त्यांचा रिपोर्ट एका बाईच्या फाइलवरून केला. ‘मिसेस’चं ‘मिस्टर’ केलं, ‘शी’चं ‘ही’ केलं, सगळीकडे एकदम. दुसऱ्या दिवशी काका कागद घेऊन हजर.

“सुनंदाबाई, अभिनंदन करा माझं.”

“काय झालं काका?”

“माझं गर्भाशय अगदी नॉर्मल आहे म्हणे. बहात्तराव्या वर्षी यापेक्षा चांगली बातमी कुठली?”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काका मात्र खो खो हसले, नवीन कागद घेतला आणि जुना मागून घेऊन गेले, घरी दाखवायला. काउंटरवरची कविता, जोधपूरची मुलगी, ती पुढे कितीतरी दिवस मला ‘नॉर्मल मैडम’ म्हणत होती. मीही हसले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. काकांना गर्भाशय नाही हे कुणीही सांगेल, म्हणून हसता आलं. जी चूक बघून कुणालाच हसू येणार नाही, तिचं काय?

त्यावर मी एक युक्ती काढली. आणि मला तिचा फार म्हणजे फार गर्व होता, तो आधी सांगून टाकते.

माणसाच्या शरीरात कितीतरी गोष्टी जोडीने असतात. गुडघे, खांदे, डोळे, किडन्या. डावीकडचा रिपोर्ट आणि उजवीकडचा रिपोर्ट यात एका शब्दाचा फरक, पण तो शब्द सात-आठ ठिकाणी येतो. एखाद्या ठिकाणी जुनी बाजू राहून गेली की वर लेफ्ट आणि खाली राइट. म्हणून मी साच्यात बाजूच लिहिली नाही. तिथे सगळीकडे दोन खुणा ठेवल्या, @@ अशा. आणि दुसऱ्या, चांगल्या अवयवाला नुसतं ‘दुसरी किडनी’, ‘दुसरा गुडघा’ म्हटलं. रिपोर्ट झाला की चौकट उघडायची, वर @@, खाली लेफ्ट किंवा राइट, बटण दाबलं की संपलं. चुकूनही गोंधळ नाही. आमचे डॉक्टर भार्गव फारसं कौतुक करणारे नव्हेत, तेसुद्धा म्हणाले, “सुनंदाजी, ये तो आपने कमाल कर दिया.” मी घरी येऊन ह्यांना तीनदा सांगितलं.

एक गोष्ट माझ्या लक्षात होती, पण मी तिला किंमत दिली नाही. ती चौकट विसरत नाही. मागच्या वेळी तुम्ही तिच्यात जे लिहिलं, ते पुढच्या वेळी उघडल्यावर तसंच असतं. वर @@ तयारच. खाली मागच्या पेशंटची बाजू तयारच. मला ती सोयच वाटायची, वरचं परत लिहावं लागत नाही म्हणून.

भंवरलालजी आले ते श्रावणातल्या एका संध्याकाळी. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात एका कारखान्यात लेथवर कामाला होते. पन्नाशीचे, सडपातळ, हाताच्या रेघांत काळं तेल कायमचं बसलेलं. त्यांना काही म्हणजे काही दुखत नव्हतं. दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत किडनीत काहीतरी दिसलं म्हणून सर्जनने ऑपरेशनचा दिवस धरूनच सीटी स्कॅनला पाठवलं होतं. आत डॉक्टर भार्गव चित्रं पुढेमागे सरकवत बोलायला लागले आणि त्यांचा आवाज उतरला. डाव्या किडनीत मोठी गाठ होती. किडनी काढावी लागणार हे मला ऐकतानाच कळलं. इतक्या वर्षांत तेवढं कळायला लागतं.

डॉक्टर बोलायचे तेव्हा मी माझ्या वहीत मराठीत टिपून घ्यायची. सेंटरमध्ये दुसरं कुणी मराठी नव्हतं, तेव्हा ती वही माझी एकटीची. भंवरलालजींच्या नावापुढे मी लिहिलं, ‘डावी. गाठ, लिंबाहून मोठी. उजवी छान.’

मग साचा उघडला. गाठीचं माप घातलं, बाकी मजकूर घातला. तेवढ्यात काउंटरवरून कविता ओरडायला लागली, “मैडम, भंवरलाल जी की रिपोर्ट! कल ही ऑपरेशन है, आज भर्ती होना है, घरवाली रो रही है!” फिल्म छापायचं मशीन त्याच वेळी अडकलं. फोन वाजतोय, वेटिंगमध्ये एक पोर किंचाळतंय. मी चौकट उघडली आणि बटण दाबलं. कंप्युटरने सांगितलं, आठ ठिकाणी बदललं. आठच असायला हवेत, आठ होते. मी खूश.

त्याच्या आधीचा रिपोर्ट एका शाळामास्तरांच्या उजव्या गुडघ्याचा होता.

डॉक्टरांनी उभ्याउभ्या वाचून सही केली. त्यांना तरी काय दिसणार? हाताने टाइप करताना चूक झाली असती तर एखाद्या ठिकाणी झाली असती, बाकी सात ठिकाणी बरोबर असतं, वाचणारा अडखळला असता. इथे अडखळायला जागाच नव्हती. आठही ठिकाणी राइट, आणि शेवटी ‘दुसरी किडनी पूर्णपणे नॉर्मल’. इतका स्वच्छ कागद मी क्वचित छापला असेल. कविता त्यांच्या बायकोला म्हणाली, “रिपोर्ट ले जाओ, फिल्म कल सुबह मिल जाएगी.” आणि ती माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी नेहमीप्रमाणे चहा घेऊन कालची वही उघडली. रोजची सवय माझी. एकेक नाव बघायचं, फाइल उघडून बघायची आणि वहीत बरोबरची खूण करायची. भंवरलालजींच्या नावापाशी आले. वहीत ‘डावी’. फाइल उघडली. राइट. खाली राइट. त्याच्याखाली राइट.

माझे कान बंद झाले. खरंच सांगते, समोर कविता काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं. 

आता जे सांगायचंय ते मी ह्यांच्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही. मी पहिल्यांदा काय केलं? फोन नाही केला. आरडाओरडा नाही केला. मी फाइलमधलं राइट काढलं, लेफ्ट घातलं आणि फाइल ठेवून दिली. मग हात मांडीवर ठेवून बसले. आता कंप्युटरमध्ये बरोबर होतं. कागद चुकीचा होता, पण कागदावर सही डॉक्टरांची होती. सर्जन फिल्म बघतीलच, मी मनाशी म्हटलं. कुठला सर्जन नुसत्या कागदावर पोट फाडतो? त्यांना दिसेलच. मग मी कशाला सांगू? सांगितलं तर इतक्या वर्षांचं नाव जाईल. ‘कमाल कर दिया’ म्हणणारे डॉक्टर मला दारात उभं करणार नाहीत. पोलीससुद्धा येतील का? ह्यांच्या ऑफिसात कळेल का? अगं, एक माणूस तिकडे टेबलावर जायला निघालाय आणि तू इथे बसून आपल्या नावाचं बघतेस, असं आतून कुणीतरी म्हणत होतं, आणि मी त्याला गप्प बस म्हणत होते. भिंतीवरच्या घड्याळात मी वीस मिनिटं जाताना बघितली. वीस.

मग कविता उठली, मागच्या फळीकडे गेली आणि म्हणाली, “अरे, ये लिफाफा तो यहीं पड़ा है.”

फिल्मचं मोठं पाकीट. वर माझ्याच अक्षरात भंवरलालजींचं नाव. सर्जन जी फिल्म बघणार म्हणून मी निवांत बसायला निघाले होते, ती इथे फळीवर उभी होती.

मी डॉक्टरांच्या खोलीत धावत गेले. आत एक पेशंट होता, त्याच्यासमोरच बोलले. “सर, कल वाली किडनी लेफ्ट थी. मैंने राइट छाप दी. फिल्म भी यहीं है.” डॉक्टर भार्गव गोरेपान माणूस, त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. त्यांनी फोन लावला. सर्जन आत दुसऱ्या ऑपरेशनमध्ये. वॉर्डातली सिस्टर म्हणाली, फोनवर आम्ही बाजू बदलत नाही, सहीचा कागद आणा. नियम बरोबरच होता तिचा. मी नवा कागद छापला, डॉक्टरांनी सही केली. “आप निकलिए, मैं फोन करता रहूँगा.”

कविताने स्कूटी काढली. हॉस्पिटल पार शहराच्या दुसऱ्या बाजूला. ती पोरगी चालवायला एक नंबर, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल लाल, मध्येच एक उंटगाडी आडवी, मोती डुंगरीपाशी बुधवारची गणपतीला जाणारी ही गर्दी. मी बुद्धाचं नाव घेणारी बाई, पण त्या गर्दीत त्यांच्या गणपतीलाही म्हटलं, बाप्पा, तुला काय पाहिजे ते घे, पण त्याला अजून आत नेऊ देऊ नको. पाकीट छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की त्याची कड हातात रुतली. कविता पुढून विचारत होती, “मैडम, रो रही हो क्या?” मी म्हटलं, “तू समोर बघ.”

वॉर्डातल्या पलंगावर ते नव्हते. सिस्टर म्हणाली, “ऊपर ले गए.”

जिने कसे चढले मला आठवत नाही. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर एक ट्रॉली उभी होती आणि तिच्यावर हिरवा झगा घातलेले भंवरलालजी, छताकडे बघत. बायको पायाशी उभी. मला बघून ते ओळखीचं हसले. आणि तिथल्या डॉक्टरने तपासायला म्हणून त्यांच्या अंगावरचा झगा जरा वर केला, तेव्हा मला ते दिसलं. उजव्या कुशीवर निळ्या पेनाने काढलेला बाण. ठसठशीत. माझ्या कागदावरून काढलेला.

मी बाण बघितला.  आयुष्यात इतकी भीती मला बाळंतपणात वाटली नाही, सासरे डोळ्यांसमोर गेले तेव्हा वाटली नाही. मी जे एक बटण दाबलं होतं, ते त्या माणसाच्या अंगावर उमटलं होतं.

सर्जन आतून बाहेर आले. मी कागद आणि पाकीट पुढे केलं.  त्यांनी फिल्म दिव्यावर लावली, बघितली, कागद बघितला, परत फिल्म बघितली.

“किसने टाइप किया था?”

“मैंने.”

 त्यांनी स्पिरिटचा बोळा मागवला, स्वतःच्या हाताने तो बाण पुसला आणि डावीकडे नवा काढला. पुसलेल्या जागी फिकट निळं राहिलंच. मी विचारलं, “सर, मैं नहीं आती तो?” ते म्हणाले, “मैं फिल्म देखे बिना नहीं करता.” जायला वळले, थांबले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “पर आज चार केस हैं.”

ट्रॉली आत नेण्याआधी भंवरलालजींनी माझा हात धरला. तेलाच्या काळ्या रेघांचा, खरखरीत हात. “बहनजी, आप इतनी दूर से मेरी फिल्म देने आईं?”

मी म्हटलं, “हाँ.”

एवढंच. ‘हो’ म्हटलं. बायकोने माझ्या पायांना हात लावला, आणि मी तो लावू दिला.

ऑपरेशन नीट झालं. डावी किडनी निघाली, उजवी शाबूत आहे. डॉक्टर भार्गव मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “साइन तो मेरी थी, सुनंदाजी,” आणि त्या दिवसापासून प्रत्येक रिपोर्टवर बाजू स्वतःच्या हाताने लिहायला लागले. मी साच्यातल्या सगळ्या @@ खुणा काढून टाकल्या. बाजू आली की बोटाने एकेक अक्षर मारायचं आणि तोंडाने मोठ्याने म्हणायचं. नवीन मुली मागून हसायच्या. हसू दे. आता म्हणे डॉक्टर बोलतात आणि कंप्युटर स्वतःच लिहितो. ज्यांना ते सोपं वाटतं त्यांना मी काही सांगायला जात नाही. मला फक्त भीती वाटते.

पण खरी भीती ती नाही. दरवर्षी श्रावणात तीजेच्या सणाला भंवरलालजी घेवर, ही इकडची मिठाई, घेऊन घरी येतात. त्यांची मुलं मला बुआजी, म्हणजे आत्या, म्हणतात. सोफ्यावर बसून ते दरवेळी नवीन माणसाला तेच सांगतात, की या बहनजी स्कूटीवर बसून माझी फिल्म द्यायला आल्या, आजकाल कोण एवढं करतं? हे माझ्याकडे बघतात. मी स्वयंपाकघरात जाते. भंवरलालजींना तो बाण माहीत आहे, पण डॉक्टरांनीच तपासून त्याची जागा बदलली असं त्यांना वाटतं. माझा चुकीचा कागद आणि ती वीस मिनिटं त्यांना माहीत नाहीत. घेवर मी खाते, एक घास, आणि बाकीचं डब्यात ठेवून देते.

हा लेख मी घरच्या कंप्युटरवर टाइप केला. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, पेशंटचं खरं नाव नको. टाइप करताना मी खरं नावच लिहीत गेले होते, दुसरं सुचेचना. मग काय करणार? इतक्या वर्षांनी ती चौकट उघडली. वर खरं नाव, खाली भंवरलाल. खाली काय लिहिलंय ते चारदा वाचलं, मोठ्याने वाचलं, ह्यांना बोलावून वाचायला लावलं, आणि बटण दाबलं. सगळीकडे एकदम बदललं. चौकट अजून उघडीच आहे, दोन्ही नावं तिच्यात एकाखाली एक दिसतायत.

त्यांना मराठी येत नाही म्हणून मी इतकं मोकळं लिहिलं, हे कबूल करते. पण अक्षरं तीच आहेत. हिंदी शाळेत शिकलेला माणूस बोट ठेवून वाचायला लागला तर त्याला सगळं कळेल. कळू दे. दिवाळीला मी त्यांच्या घरी जाणार आहे, आणि हातात या लेखाची एक वेगळी छापलेली प्रत असेल, त्यांच्यासाठी. तिच्यात नाव खरं असेल. ते मी चौकटीतून नाही घालणार, एकेका जागी बोटाने टाइप करणार आहे. आणि त्या वीस मिनिटांपाशी आले की त्यांच्यासमोर मी स्वतः वाचून दाखवणार आहे.